दारूच्या नशेत मारामारी, केस पडली, आता किती वर्षं? कागद बघून अंदाज कसा काढायचा

रात्री साडेअकराला फोन. "वकीलसाहेब झोपला नव्हता ना, आमच्या मेहुण्याने ढाब्यावर मित्राला मारलंय, दोघं पण फुल होते, पोलिसांनी नेलाय, सांगा ना किती वर्षं लागतील?" मी विचारलं कशाने मारलं, तर म्हणे पाण्याच्या जगने, स्टीलच्या. मग विचारलं एक्सरे काढला का, तर पलीकडे जरा वेळ कुणीच बोलेना आणि मग, "कुणाचा, मेहुण्याचा?"

असे फोन येतच असतात, धुळवडीला आणि ३१ डिसेंबरला जास्त, आणि दरवेळी घरच्यांचं सगळं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं असतं की तो प्यायलेला होता. कुणाला वाटतं नशेत होता म्हणजे सूट मिळेल, कुणाला वाटतं नशेत होता म्हणजे डबल शिक्षा. दोन्ही चूक. तालुका कोर्टात इतकी वर्षं काळ्या कोटात घाम गाळल्यावर एवढं नक्की सांगतो की बाटलीवरून शिक्षा काढता येत नाही, ती निघते डॉक्टरच्या सर्टिफिकेटवरून आणि मारणाऱ्याच्या हातात काय होतं त्यावरून. ते कागद कसे वाचायचे ते लिहितो, मारणाऱ्याच्या घरच्यांसाठी पण आणि मार खाल्लेल्याच्या घरच्यांसाठी पण, कारण प्रश्न दोघांचा एकच असतो, फक्त उत्तर उलटं पाहिजे असतं.

आधी तारीख बघा

भांडण कुठल्या दिवशी झालं ते एफआयआरवर बघा. १ जुलै २०२४ च्या आधीचं असेल तर जुना आयपीसी, म्हणजे ३२३, ३२४, ३२५, ३२६, ३०७ ही सगळी तोंडपाठ कलमं. त्या दिवसापासून पुढचं असेल तर भारतीय न्याय संहिता, आणि तिथे नंबर सगळे बदललेत. ३२३ चं झालं ११५(२), ३२४ चं ११८(१), ३२५ चं ११७(२), ३२६ चं ११८(२), आणि ज्याला गावात सगळे हाफ मर्डर म्हणतात ते ३०७ आता १०९ झालंय. गंमत म्हणजे अटक, जामीन, कोर्टाची पद्धत यांचा कायदा पण बदललाय, जुन्या सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, तिच्यात अटकपूर्व जामिनाचं कलम ४८२ आहे आणि जुन्या सीआरपीसीत ४८२ म्हणजे हायकोर्टात केस रद्द करायचं कलम होतं, त्यामुळे अजून पण बार रूममध्ये दोन वकील एकच आकडा बोलतात आणि वेगळ्याच गोष्टीबद्दल भांडतात. तुमचा गोंधळ झाला तर वाईट वाटून घेऊ नका.

मग इंज्युरी सर्टिफिकेट, आणि हे नीट वाचा

सरकारी दवाखान्यात जखमीला नेलं की एमएलसी होते, म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद होते, आणि डॉक्टर जखमांचं सर्टिफिकेट देतो. कागदावर रकाने असतात, जखम कुठली, किती बाय किती सेंटीमीटर, शरीरावर कुठे, किती तासांपूर्वीची, कशाने झाली असेल, आणि शेवटचा रकाना जखमेचा प्रकार. अक्षर डॉक्टरचंच असतं तेव्हा वेळ लागेल, पण शोधायचे शब्द दोनच, सिंपल की ग्रीव्हस. आपल्या मराठी कागदात साधी दुखापत आणि गंभीर दुखापत. सीएलडब्ल्यू लिहिलं असेल तर घाबरू नका, म्हणजे बोथट वस्तूने फुटलेली जखम, डोक्याला लागलं की दहात आठ वेळा हेच लिहिलेलं असतं.

आता गंभीर म्हणजे काय हे डॉक्टरच्या किंवा आपल्या मनावर नाही, कायद्यात यादी आहे, न्याय संहितेचं कलम ११६. डोळा जाणं, कान जाणं, एखादा अवयव किंवा सांधा जाणं नाहीतर त्याची ताकद कायमची जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं, जिवाला धोका होईल अशी जखम, नाहीतर १५ दिवस जबर वेदना किंवा १५ दिवस रोजचं काम न करता येणं. जुन्या कायद्यात हे दिवस २० होते. लोकांना वाटतं रक्ताचं थारोळं म्हणजे गंभीर. तसं नाहीये, डोक्याची कातडी फुटली तर नळ सोडल्यासारखं रक्त येतं, सात टाके पडतात, शर्ट लाल होतो आणि कायद्याने ती साधी दुखापत असते. आणि एका थपडेत पुढचा दात पडला, रक्त चमचाभर, तर ती गंभीर.

म्हणून मी एक्सरे विचारतो. हाड मोडलंय हे नुसतं डॉक्टरने लिहून भागत नाही, एक्सरेची प्लेट आणि रिपोर्ट कोर्टात यावा लागतो, वाचणारा डॉक्टर साक्षीला यावा लागतो, नाहीतर बचावाचा वकील उलटतपासात तेवढंच पकडतो आणि गंभीरची साधी होऊन बसते. तर जखमीच्या घरच्यांनो, प्लेट घरी कपाटावर टाकू नका, तपास अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्या. सर्टिफिकेटवर "ओपिनियन रिझर्व्ड" असं काही लिहिलं असेल तर समजा की अजून कलम ठरायचंय, आणि आज पोलीस जे कलम सांगतायत ते आठवड्याने वाढू शकतं. त्याला पोलीस कलमवाढ म्हणतात आणि त्यासाठी परत एफआयआर लागत नाही.

मग हातात काय होतं

साधी जखम आणि हात-लाथा: ११५(२), जास्तीत जास्त १ वर्ष किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. हे अदखलपात्र आहे, पोलीस एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद करून हातात पावती देतात आणि पुढे बहुतेक वेळा काही होत नाही.

साधी जखम पण हत्यार वापरलं: ११८(१), ३ वर्षांपर्यंत किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

गंभीर जखम पण हत्यार नाही: ११७(२), ७ वर्षांपर्यंत आणि दंड.

गंभीर जखम आणि हत्यार: ११८(२). इथे खरी उडी आहे. कमीत कमी १ वर्ष, जास्तीत जास्त १० वर्षं, आणि जन्मठेप पण होऊ शकते. जुन्या ३२६ मध्ये ते कमीत कमी नव्हतं, त्यामुळे जज दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद असं करून सोडू शकायचे, आता दोषी धरलं की वर्षाच्या खाली जाता येत नाही.

आणि एक नवीन कलम आलंय ज्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही, ११७(३). मारहाणीत माणूस कायमचा अपंग झाला किंवा नुसता श्वास घेत पडून राहिला तर कमीत कमी १० वर्षं सक्तमजुरी आणि वर मरेपर्यंत जन्मठेप. यात हत्यार लागतच नाही. म्हणजे नशेत एक ठोसा मारला, समोरचा मागे पडला, डोकं दगडी पायरीवर आपटलं आणि तो अंथरुणाला खिळला, तर पूर्वी जिथे ७ वर्षं ही कमाल मर्यादा होती तिथे आता १० वर्षं ही सुरुवात आहे. मला स्वतःला हा फरक फार मोठा वाटतो, पण कायदा असा आहे.

आता हत्यार कशाला म्हणायचं? कोयता, चाकू, तलवार यात वादच नाही. पण दारूच्या भांडणात कोयता क्वचित असतो, तिथे असतं टेबलावरचं सामान. बियरची बाटली, प्लॅस्टिकची खुर्ची, सोड्याचं ओपनर, ताट, आणि आमच्या केसमध्ये जग. कायदा म्हणतो भोसकायचं किंवा कापायचं साधन, नाहीतर अशी वस्तू जी हल्ल्यासाठी वापरली तर मरण येऊ शकतं. फोडलेली बाटली कापणाऱ्यात येते, तिथे भांडायला फारशी जागा नाही. न फोडलेली बाटली डोक्यात घातली तर ती किती जड, भरलेली की रिकामी, किती वेळा मारली हे सगळं बघतात. प्लॅस्टिकची खुर्ची हत्यार आहे असं पोलीस लिहितात खरं, पण टिकवणं अवघड. म्हणून पंचनाम्यात जप्त केलेल्या वस्तूचं वर्णन काय लिहिलंय ते शब्द न शब्द वाचा, लांबी रुंदी वजन लिहिलंय का, रक्ताचे डाग लिहिलेत का, आणि ती वस्तू साक्षीच्या वेळी डॉक्टरला दाखवली का. एकाच जखमेला जग हत्यार धरला तर वर्षाच्या खाली येता येत नाही आणि नाही धरला तर तसं कमीत कमी काहीच नाही. सगळी केस कधीकधी एका भांड्यावर येऊन थांबते.

वार कुठे केला ते पण महत्त्वाचं. पोटात चाकू, मानेवर कोयता, डोक्यात एकामागे एक चार घाव, तर पोलीस सरळ १०९ लावतात. त्यात जखम झाली असेल तर १० वर्षं किंवा जन्मठेप, आणि केस सेशन कोर्टात. मारायचाच हेतू होता इतकं सिद्ध झालं नाही तर ११० मध्ये येऊ शकते, जखमेसह ७ वर्षांपर्यंत. आणि जखमी दवाखान्यात आठव्या दिवशी गेला तर वरचं सगळं पुसून टाका, मग १०३ म्हणजे खून किंवा १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध हा प्रश्न सुरू होतो. त्यामुळे आयसीयूत माणूस असताना मला कुणी "किती वर्षं" विचारलं तर मी उत्तर देत नाही.

बरं, मग दारूचं काय?

दोन कलमं आहेत, न्याय संहितेची २३ आणि २४, आयपीसीत ८५ आणि ८६ होती, भाषा जवळपास तीच. २३ म्हणतं की कुणी तुम्हाला न सांगता किंवा जबरदस्तीने पाजली आणि तुम्हाला आपण काय करतोय हे कळायची अवस्थाच राहिली नाही तर गुन्हा नाही. म्हणजे थंडाईत कुणी गुपचूप काही मिसळलं वगैरे. मित्रांनी आग्रह केला, ग्लास तोंडाला लावला, "आज एक घेच" म्हणाले, हे यात येत नाही, मला दर वर्षी कुणीतरी हे विचारतंच. २४ म्हणतं की स्वतःहून प्यायला असाल तर शुद्धीतल्या माणसाला जे कळलं असतं ते तुम्हाला पण कळत होतं असंच कोर्ट धरून चालणार.

यातला बारकावा सांगतो कारण सगळा खेळ तिथे आहे. कायद्यात जाणीव वेगळी आणि हेतू वेगळा. जाणीव दारूड्याच्या माथी आपोआप मारली जाते, हेतू मात्र परिस्थितीवरून काढावा लागतो. आता गंभीर दुखापतीच्या कलमात हेतू नसला तरी चालतो, असं केल्याने हाड मोडू शकतं ही जाणीव पुरेशी आहे, आणि ती तर तुम्हाला फुकटात चिकटलीय. म्हणून ११७, ११८ मध्ये "नशेत होतो" हा बचाव जवळजवळ शून्य. खुनाच्या केसमध्ये मात्र त्याला थोडी किंमत येऊ शकते, हेतू नव्हता फक्त जाणीव होती असं ठरलं तर खुनावरून सदोष मनुष्यवधावर येता येतं. पण त्यासाठी नुसतं प्यायला होता म्हणून चालत नाही, डोकं पूर्ण बंद होतं इतकं दाखवावं लागतं.

ते किती अवघड आहे याची सगळ्यात जुनी ओळखीची केस म्हणजे बसदेव विरुद्ध पेप्सू राज्य, सुप्रीम कोर्ट, १९५६. पेप्सू म्हणजे तेव्हाचं पतियाळा आणि आजूबाजूच्या संस्थानांचं राज्य. मार्च १९५४, लग्नाचं घर, दुपारच्या जेवणाला पंगत बसतेय. एक लष्करातला रिटायर्ड जमादार, भरपूर प्यायलेला, १५-१६ वर्षांच्या पोराला म्हणतो जरा सरक, मला बसायचंय. पोरगा सरकला नाही. जमादाराने पिस्तूल काढलं आणि पोटात गोळी घातली, पोरगा गेला. बचाव काय, तर दारू. कोर्टाने बघितलं की हा माणूस झोकांड्या खात होता हे खरं, पण आपल्या पायाने चालत आला होता, बोलत होता, गोळी घातल्यावर पळायला बघत होता, धरल्यावर माफी मागत होता की माझ्या हातून झालं. म्हणजे कळत होतं. जन्मठेप कायम राहिली. आज पण सरकारी वकील हेच विचारतो: मारल्यावर पळाला का? गाडीला किक मारली का? बायकोला फोन लावला का? यातलं एक जरी हो असलं तरी "काहीच कळत नव्हतं" संपलं.

यातून एक प्रॅक्टिकल गोष्ट. जामीन अर्जात किंवा कुठल्या लेखी कागदात "आरोपी नशेत होता त्यामुळे त्याच्याकडून चूक झाली" असलं लिहू देऊ नका वकिलाला न विचारता. फायदा काही नाही आणि तो तिथे होता, त्याने मारलं, हे दोन्ही आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखं होतं. मी एकदा बघितलंय, घरच्यांनी भावनेच्या भरात टाईप करून आणलेला माफीनामा, नशिबाने दाखल करायच्या आधी मला दाखवला, मी तो तिथेच चार तुकडे केला.

दारूचा त्रास मात्र होतो. अटकेनंतर आरोपीची मेडिकल होते, तिथे वासाचा उल्लेख येतो, रक्त काढतात. मग महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याचं कलम जोडायला पोलीस मोकळे, कारण आपल्याकडे कायद्याने प्यायला परवाना लागतो हे अर्ध्या महाराष्ट्राला माहीतच नाही आणि उरलेला अर्धा हसतो. सार्वजनिक ठिकाणी पिऊन गोंधळ घालण्याचं वेगळं कलम ३५५ आहे, २४ तास कैद किंवा १,००० रुपये दंड किंवा समाजसेवा. मोठ्या केसमध्ये याने शिक्षा फारशी वाढत नाही पण जजसमोर चित्र उभं राहतं, आणि आधीची तसली एक केस असेल तर "सवयीचा आहे" हे वाक्य ऐकायला तयार राहा.

कायद्यातला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा

कलमाखाली १० वर्षं लिहिलंय म्हणजे १० लागतील असं नाही, घरच्यांची झोप इथेच उडते. आधी बघा केस कुठल्या कोर्टात चालतेय. ११८(२) मध्ये जन्मठेप लिहिलीय तरी ती प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटसमोर चालते, म्हणजे आमचं जेएमएफसी कोर्ट, आणि त्या कोर्टाला ३ वर्षांच्या वर शिक्षा द्यायचा अधिकारच नाही. त्यांना वाटलं हे कमी पडतंय तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवतात, त्यांना ७ पर्यंत देता येते. म्हणजे नुसत्या ११८(२) साठी बाकी काही नसेल तर माझा अंदाज १ ते ३ मध्ये राहतो, आणि तोच माणूस १०९ सोबत सेशनला गेला तर ५, ७, १० हे आकडे तोंडावर घ्यावे लागतात.

त्यानंतर जज काय बघतो: वय, आधीचा रेकॉर्ड, भांडण कुणी सुरू केलं, एक घाव की चार, समोरचा निशस्त्र होता का, खाली पडल्यावर पण मारत होता का, नंतर दवाखान्यात कुणी नेलं. हे शेवटचं लोक विसरतात. मारणाऱ्यानेच रिक्षा करून नेलं असेल आणि तशी नोंद असेल तर ती सोन्याची. एकदम भयंकर चिथावणी दिली गेली हे सिद्ध झालं तर कलम १२२ आहे, गंभीर दुखापतीला ५ वर्षं किंवा दंड, पण "त्याने आईवरून शिवी दिली" एवढ्याने ते सहसा मिळत नाही.

आकडा किती हलतो ते बघायचं असेल तर नवज्योतसिंग सिद्धूची केस घ्या. त्यात दारूचा संबंध नाही, रस्त्यावरचा वाद, पतियाळा, २७ डिसेंबर १९८८, एक वयस्कर गृहस्थ मार लागून गेले. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, हायकोर्टाने २००६ ला सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं दिली, सुप्रीम कोर्टाने मे २०१८ ला फक्त ३२३ ठेवलं आणि १,००० रुपये दंड, आणि त्याच कोर्टाने पुनर्विचारात मे २०२२ ला १ वर्ष सक्तमजुरी केली, म्हणाले तगड्या माणसाचा हात पण हत्यारासारखा असतो. घटना तीच, माणूस तोच, आकडे चार. त्यामुळे तुम्हाला कुणी वकील पहिल्याच दिवशी "दोन वर्षं आणि सुटका" असा पक्का आकडा लिहून देत असेल तर फी द्यायच्या आधी चहा पिऊन या.

पहिलाच गुन्हा असेल तर प्रोबेशन, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडणं, १९५८ चा कायदा आहे, २१ च्या आतल्या पोरांना तर कोर्टाने आधी तोच विचार करायचा असतो. पण ज्या कलमात जन्मठेप लिहिलीय तिथे हा दरवाजा बंद, म्हणजे ११८(२) ला नाही. परत बघा, सगळं त्या जगवर. आणि ७ वर्षांपर्यंतच्या कलमात प्ली बार्गेनिंग पण आहे, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेवर तडजोड, आरोप ठेवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, आमच्याकडे वापरतं कोण फारसं, पण विचारून ठेवा.

व्यसनमुक्तीचं विचारतात लोक. शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकून घेताना जजला हे दाखवता येतं की माणूस तेव्हापासून उपचार घेतोय, पुण्याच्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी राहून आलाय, मीटिंगला जातोय. कागद खरे पाहिजेत आणि तारखा घटनेच्या जवळच्या पाहिजेत. निकालाच्या आदल्या आठवड्यात भरती झालेला माणूस जजला बरोबर कळतो.

जेलचं गणित

पारावर एक गणित फिरत असतं की जेलमध्ये दिवस आणि रात्र वेगळी मोजतात म्हणून १० ची ५ होतात. खोटं आहे, कुठल्याच कायद्यात नाही. दुसरं, जन्मठेप म्हणजे १४ वर्षं. ते पण नाही, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सुप्रीम कोर्टाने १९६१ लाच गोपाळ विनायक गोडसेच्या केसमध्ये सांगून ठेवलंय, सूट देणं सरकारच्या हातात असतं, हक्क नाही. खरं असतं ते एवढंच की निकालाच्या आधी जेवढे दिवस आत काढले ते शिक्षेतून वजा होतात, आणि आत नीट राहिलं तर माफीचे दिवस मिळतात. सिद्धूंना पण १ वर्षाऐवजी साधारण १० महिन्यांनी सोडलं. दंड भरला नाही तर त्याची वेगळी कैद असते, ती विसरून सुटायच्या दिवशी येरवड्याच्या गेटवर वाट बघत बसलेले लोक मी पाहिलेत.

आणि निकालानंतर त्याच दिवशी आत जावं लागतंच असं नाही. शिक्षा ३ वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी जामिनावर असेल तर तेच कोर्ट अपिलासाठी मुदत देऊन शिक्षा स्थगित करू शकतं. त्या दिवशी जामीनदार कोर्टातच हजर पाहिजे, त्याचा सातबारा किंवा पगाराची स्लिप घेऊन, संध्याकाळी सहाला पळापळ नको.

पहिले काही दिवस

खरं सांगायचं तर बऱ्याच केसमध्ये माणूस जेवढा आत राहतो तो सुरुवातीलाच. २४ तासांत कोर्टात हजर करतात, पोलीस पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मागतात, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, मग जामीन अर्ज. ७ वर्षांपर्यंतच्या कलमात पोलिसांनी आधी नोटीस द्यावी, उठसूट अटक करू नये असं आहे, आता ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३), सुप्रीम कोर्टाने २०१४ ला अर्नेश कुमार केसमध्ये खडसावून सांगितलेलं. आणि एक विचित्र गोष्ट, ७ वर्षांचं ११७(२) जामीनपात्र आहे आणि ३ वर्षांचं ११८(१) अजामीनपात्र. मला पण लॉजिक विचारू नका. मोठ्या कलमात ९० दिवसांत आणि बाकीत ६० दिवसांत चार्जशीट आली नाही तर आपोआप जामिनाचा हक्क येतो, पण अर्ज करावा लागतो, दिवस मोजायला घरातलं एक माणूस कॅलेंडर घेऊन बसवा.

जामिनावर आल्यावर जखमीच्या घरासमोर बुलेट फिरवायची नाही, साक्षीदाराला "बघून घेतो" म्हणायचं नाही. खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंतचा, आणि जामीन जातो तो वेगळा. ढाब्यावरचा वेटर आधीच घाबरलेला असतो, त्याला अजून घाबरवून काही मिळत नाही.

मिटवामिटवी

दारूच्या भांडणात दोघं मित्रच असतात बहुतेक, महिन्याभरात परत एका टेबलावर बसतात आणि मग मला फोन येतो की वकीलसाहेब आमचं मिटलंय, केस काढून टाका. ११५(२) जखमीच्या मर्जीने मिटतं, ११७(२) कोर्टाच्या परवानगीने मिटतं, पण ११८ आणि १०९ खालच्या कोर्टात मिटत नाहीत, त्यासाठी हायकोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली, म्हणजे जुन्या ४८२ खाली, जावं लागतं. हायकोर्ट जखम कुठे आहे, हत्यार काय, हे बघूनच ठरवतं, हाफ मर्डरला तर फारच जपून. म्हणजे आपलं मिटलं तरी सरकारचं मिटलेलं नसतं. जखमीने लक्षात ठेवा, पैसे घेऊन साक्षीला फिरायचं असलं काही करू नका, फितूर झालात तर खोट्या साक्षीची भानगड तुमच्याच गळ्यात. भरपाई उघडपणे मागता येते, शिक्षेसोबत कोर्ट आरोपीला नुकसानभरपाई द्यायला लावू शकतं, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करता येतो. त्यासाठी दवाखान्याची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, बुडालेल्या मजुरीचा हिशोब, सगळं एका पिशवीत ठेवा. १५ दिवस काम करता आलं नाही हे सिद्ध करायला पण हीच पिशवी उपयोगी पडते.

तर त्या मेहुण्याचं. दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेटचा फोटो आला, कपाळावर सीएलडब्ल्यू तीन बाय एक, चार टाके, साधी. नाकावर सूज, एक्सरे सांगितलाय. मी म्हणलं थांबा. तिसऱ्या दिवशी प्लेट आली, नाकाचं हाड मोडलेलं. पोलिसांनी ११८(२) लावलं. माझं म्हणणं की जग रिकामा होता, एकदाच मारला, पातळ पत्र्याचा आहे, हे हत्यार होत नाही, ११७(२) च होतं. सरकारी वकिलांचं म्हणणं की साहेब, नाक मोडलंय. चार्जशीट गेलीय, मेहुणा जामिनावर आहे, जखमी आणि तो एकाच दुकानात चहा पितात, आणि जग मुद्देमाल रूममध्ये लाखेचं सील मारून ठेवलाय. ढाबेवाला दर तारखेला आला की मला विचारतो, वकीलसाहेब, माझा जग कधी मिळेल.